आईला हे कोणी सांगितलंच नव्हतं

मागच्या दिवाळीत आई स्वयंपाकघरात घसरून पडली. बाबा समोरच खुर्चीत होते. वाचा गेल्यापासून मांडीवर अक्षरांची पाटी असते. आईकडे बघत त्यांनी बोट ठेवलं: च, मग ह, मग काना. चहा. रात्री फोनवर आई रडत होती, "मी मेले तरी यांना काही वाटायचं नाही गं."

बाबांना मोटर न्यूरॉन आजार आहे, म्हणजे स्नायू चालवणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जातात. सांगलीत निदान झालं तेव्हा आम्हाला शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंगचं उदाहरण दिलं होतं: शरीर जातं, डोकं शाबूत राहतं. सगळ्यांचं राहत नाही. साधारण निम्म्या रुग्णांच्या विचारात किंवा वागण्यात थोडाफार फरक पडतो, आणि 10 ते 15 टक्क्यांना फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, म्हणजे मेंदूच्या पुढच्या आणि बाजूच्या भागांचा ऱ्हास होतो. त्यात सुरुवातीला नावं-गावं सगळं आठवतं. माया, भीड, तारतम्य आधी जातं. शिवाय काहींचं हसणं-रडणं ताब्यात राहत नाही, ते वेगळंच. काकांच्या तेराव्याला बाबा खदखदून हसले, त्याची भावकीत अजून चर्चा आहे.

मी एडिनबरात राहते. इथल्याच विद्यापीठात या रुग्णांचे विचार आणि वागणं तपासणारी एक चाचणी तयार झाली. हात चालत नसले किंवा वाचा गेली असली, तरी ती घेता येते. घरच्या माणसाला वेगळं बसवून विचारतात: पूर्वीसारखी काळजी करतात का? खाण्यापिण्याच्या आवडी बदलल्यात का? मला बाबांचे पेढे आठवले. ठसका लागेपर्यंत कोंबतात.

आपल्याकडे वाद एकच, मुलं परदेशात आणि आईबाप वाऱ्यावर. मुलांकडून आईबापांना पोटगी मिळावी म्हणून 2007 चा कायदाही आहे. मी लांब आहे, हा आरोप मला मान्य आहे. पण माझा भाऊ आणि वहिनी तिथेच आहेत, रात्री चार वेळा उठून बाबांना कूस बदलून देतात, आणि तरी "सून नीट बघत नाही, म्हणून चिडतात" हे ऐकून घेतात. सेवेत त्यांची काही कसूर नाही. हा आजार मेंदूचाही आहे, एवढं त्यांना कोणी सांगितलं नाही. इथे मदतनीस घड्याळ बघून येते-जाते; सांगलीत हाक मारली की बाबांना उचलायला शेजारचे दोघं धावतात. ती माणसं मला हवीच आहेत. त्यांच्या जोडीला ओपीडीतली दहा मिनिटं हवीत, फक्त घरच्यांसाठी.

गेल्या आठवड्यात मी आईला हे सगळं समजावलं. ती बराच वेळ गप्प होती.

"म्हणजे," तिने विचारलं, "यांना माझा राग नाही आलेला?"