उजाडेपर्यंतचा आवाज आता माइकसमोर

लेखातल्या ताईंनी लेकरं मोठी झाल्यावर परत अभिनय धरला अन् व्हॉइसओव्हरचा (जाहिरातीले-फिल्मले मागून आवाज द्यायचा) क्लास लावला, वाचून लय बरं वाटलं जी. मी बी लग्नाआधी झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटकांत, काम केलेली, दिवाळी झाली का वडशाच्या (गडचिरोली जिल्हा) नाटक कंपन्यांचे नाटकं सुरू, मंडई (दिवाळीनंतरची गावजत्रा) नाहीतर शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावी उजाडेपर्यंत, मागच्या माणसाले ऐकू जावं म्हणून पोटातून आवाज फेकायची सवय. आता माझ्या ऑनलाइन क्लासमध्ये सर म्हणतात हळू बोला, माइक वीतभर दूर, प-फ आला का तोंड जरासं बाजूले, नाहीतर फट्टकन हवा आदळते! पंखा बंद करून गोधडीखाली रेकॉर्डिंग चालते माझं, घामाघूम (अन् नेमकी तेव्हाच लाइन जाते). ताई, पहिला डेमो (आवाजाचा नमुना) कशाचा पाठवला तुम्ही? बियाण्याच्या जाहिरातीले आमची बोली चालते का?