इम्युनोथेरपीनंतर मेलानोमा परतला तर? एका फॉरवर्डची झाडाझडती

मेलानोमा हा रंगपेशींचा कर्करोग. बहुतेकदा तो त्वचेत होतो, कधी डोळ्यात, कधी नाकातोंडाच्या आतल्या अस्तरात. आपल्याकडे तो विरळा, त्यामुळे त्याबद्दल मराठीत काही आलं की पडताळणारं कोणी नसतं आणि मजकूर बिनबोभाट पुढे जातो. सध्या फिरणाऱ्या फॉरवर्डचं सार असं: इम्युनोथेरपीनंतर (म्हणजे शरीराच्याच प्रतिकारपेशींना कर्करोगाशी लढायला लावणाऱ्या औषधांनंतर) आजार परतला म्हणजे रुग्णाची प्रतिकारशक्ती थकली, आता त्याच जातीचं दुसरं औषध देणं म्हणजे निव्वळ बिल फुगवणं. गोळ्यांनी गाठी दोन आठवड्यांत विरघळतात, त्या आधीच द्यायला हव्या होत्या. औषधाचा पूर्ण डोस लागतच नाही, हे ‘टाटा’ने सिद्ध केलंय. टी-सेल उपचार आता मुंबईतच मिळतो. आणि प्रोबायोटिक घेतलं की बंद पडलेली इम्युनोथेरपी पुन्हा चालू होते. दाखल्याला अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर: त्यांना इंजेक्शनने बरं वाटलं, तुमच्या रुग्णाला नाही, म्हणजे नक्कीच कुठेतरी चूक झाली.

कार्टर यांच्यापासूनच सुरुवात करू. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांनी आजार जाहीर केला तेव्हा यकृतातला भाग शस्त्रक्रियेने काढून झाला होता आणि मेंदूत चार ठिपके दिसले होते. मेंदूला रेडिएशन दिलं आणि त्याच्या जोडीला पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं इंजेक्शन. डिसेंबरात आजार दिसत नसल्याचं त्यांनी सांगितलं आणि २०२४ च्या अखेरीस ते गेले तेव्हा वय १०० होतं. म्हणजे ‘फक्त इंजेक्शन’ नव्हतंच. दुसरं, पसरलेल्या मेलानोमात इपिलिमुमॅब आणि निवोलुमॅब ही इम्युनोथेरपीची दोन औषधं एकत्र देऊन झालेल्या मोठ्या चाचणीत १० वर्षांनी ४३ टक्के रुग्ण हयात होते. पूर्वीच्या काळाशी ताडून पाहिलं तर हा आकडा थक्क करणारा आहे. पण उरलेल्या ५७ टक्क्यांच्या बाबतीत कोणी चूक केली होती असं नाही.

आता ‘प्रतिकारशक्ती थकली’ हा मुख्य दावा. तो शास्त्रीय वाटतो म्हणूनच जास्त घातक आहे. पेम्ब्रोलिझुमॅब आणि निवोलुमॅब टी-पेशींवरचा, म्हणजे कर्करोगपेशी मारणाऱ्या प्रतिकारपेशींवरचा, पीडी-१ नावाचा ब्रेक सोडवतात. तरीही गाठ वाढते तेव्हा बदल बहुधा गाठीत झालेला असतो, रुग्णाच्या ‘ताकदीत’ नाही. काही कर्करोगपेशी आपली ओळख पटवणारी प्रथिनं पृष्ठभागावर मांडणंच बंद करतात, काहींमध्ये टी-पेशींचा रासायनिक संदेश आत पोचवणारी यंत्रणा मोडते. काही गाठींत टी-पेशी शिरतच नाहीत. आणि ब्रेक एकच नसतो. इपिलिमुमॅब सीटीएलए-४ या वेगळ्या ब्रेकवर काम करतं, रेलाटलिमॅब लॅग-३ वर. त्यामुळे ‘त्याच जातीचं औषध’ म्हणून सगळ्यांना एका दावणीला बांधता येत नाही.

हे नुसतं कागदावरचं तर्कशास्त्र नाही. अमेरिकेतल्या एका चाचणीत पीडी-१ रोखणारं औषध सुरुवातीपासूनच लागू न पडलेले रुग्ण घेतले. काहींना एकटं इपिलिमुमॅब दिलं, काहींना ते निवोलुमॅबसोबत. एकट्याने ९ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आकसल्या, जोडीने २८ टक्क्यांच्या. सहा महिन्यांनी आजार न वाढलेले अनुक्रमे १३ आणि ३४ टक्के. २८ टक्के म्हणजे दहातल्या सातांना तो परिणाम मिळाला नाही, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं. शिवाय जोडी घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना गंभीर दुष्परिणाम झाले: आतड्यांची सूज, यकृताची सूज, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी या संप्रेरकग्रंथीची सूज. सत्तरी ओलांडलेला, आधीच्या वेळी जबर कोलायटिस (आतड्यांची सूज) होऊन स्टेरॉइडवर राहिलेला रुग्ण ‘नको’ म्हणाला तर तो शहाणपणाचाच निर्णय असू शकतो. पण तो निर्णय आकडे पाहून घ्यावा, ‘शक्ती संपली’ या गैरसमजातून नव्हे.

फॉरवर्ड आणखी एक गोष्ट पार गिळून टाकतो: आजार कधी आणि कुठे परतला. पसरलेल्या आजारात पूर्ण फायदा मिळून उपचार थांबवले आणि दोन वर्षांनी फुफ्फुसात एक गाठ दिसली, तर तेच औषध पुन्हा सुरू करणं हा रास्त पर्याय आहे. काहींना त्याचा दुसऱ्यांदाही उपयोग झालाय. शस्त्रक्रियेनंतर खबरदारीची इंजेक्शनं चालू असतानाच जांघेत गाठ आली, तर तेच औषध एकट्याने रेटण्यात फारसा अर्थ नाही. बाकी सगळीकडे आजार शांत आणि एकाच ठिकाणी डोकं वर काढतोय, तर ती गाठ कापणं किंवा तिच्यावर नेमकं रेडिएशन देणं आणि औषध तेच ठेवणं, हेही होतं. मेंदूत असेल तर त्याचं गणित निराळं. ट्यूमर बोर्डात, म्हणजे वेगवेगळ्या तज्ज्ञांच्या एकत्र बैठकीत, पहिला अर्धा वेळ याच प्रश्नांवर जातो, औषधाचं नाव नंतर येतं.

त्याही आधी, परतलेली गोष्ट मेलानोमाच आहे ना? इम्युनोथेरपीवर असताना काही थोड्या रुग्णांत गाठ आकसण्याआधी फुगलेली दिसते, म्हणून रुग्णाची तब्येत ठीक असेल तर चार ते आठ आठवड्यांनी स्कॅन पुन्हा करतात. याच औषधांनी छातीतल्या लसिकाग्रंथींना सार्कॉइड या कर्करोग नसलेल्या आजारासारखी सूज येऊ शकते आणि ती पेट स्कॅनमध्ये कर्करोगासारखीच चमकते. आपल्याकडे तर क्षयाच्या गाठीही तशाच चमकतात. शक्य तिथे बायोप्सीचा आग्रह धरा. त्याच तुकड्यावर जनुकीय तपासणीही होते, आणि पुढचा मुद्दा तिच्यावरच उभा आहे.

गोळ्यांचा दावा अर्धा खरा आहे. डाब्राफेनिब-ट्रामेटिनिबसारख्या जोड्या झपाट्याने काम करतात, सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत गाठी लक्षणीय आकसतात. धाप लागलेल्या रुग्णाला काही दिवसांत उसंत मिळते. पण त्या फक्त बीआरएएफ जनुकात विशिष्ट बदल असेल तरच चालतात. गोऱ्या लोकांच्या त्वचेच्या मेलानोमात तो जवळपास निम्म्यांत सापडतो. तळपाय, तळहात, नखाखालचा आणि अस्तरातला मेलानोमा, ज्याचं प्रमाण भारतीय रुग्णांत जास्त आहे, त्यात बराच कमी. अशा रुग्णांत केआयटी जनुकही तपासून घ्यावं. त्यात योग्य बदल मिळाला तर इमॅटिनिबचा काहींना उपयोग होतो, आणि हे औषध भारतात जेनेरिक मिळतं. महागड्या नावांच्या गर्दीत हा स्वस्त पर्याय विचारायचा राहून जातो.

‘गोळ्या आधीच द्यायला हव्या होत्या’ हे मात्र उलटंच सिद्ध झालंय. बीआरएएफ-बदल असलेल्या रुग्णांत आधी इम्युनोथेरपी की आधी गोळ्या, हा क्रम ताडून पाहिला तेव्हा दोन वर्षांनी आधी इम्युनोथेरपी घेतलेल्यांपैकी ७२ टक्के हयात होते, आधी गोळ्या घेतलेल्यांपैकी ५२. कारण गोळ्यांना चकवायची वाट गाठ बहुधा वर्षभरात शोधते. पाच वर्षांनी आजार न वाढलेले साधारण १९ टक्केच उरतात. म्हणून डॉक्टरांनी आधी इम्युनोथेरपी दिली यात चूक नव्हती, आणि आता ती चालेनाशी झाल्यावर गोळ्या देतील यातही विसंगती नाही. आजार हळू सरकत असेल तर काही तज्ज्ञ आधी इपिलिमुमॅब वापरून गोळ्या राखून ठेवतात. वेग जास्त असेल तर थांबायला वेळ नसतो. माझं मत विचाराल तर हा वेगाचा प्रश्न रुग्णाच्या घरच्यांनी डॉक्टरांना थेट विचारावा.

कमी डोसाचा मुद्दा. टाटा मेमोरियलची चाचणी खरी आहे, २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि महत्त्वाचीही आहे. पण ती डोके-मानेच्या कर्करोगाची. दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निवोलुमॅब, सोबत तोंडाने घ्यायची तीन औषधं. एका वर्षाने हयात असणाऱ्यांचं प्रमाण १६ वरून ४३ टक्क्यांवर गेलं. तुलना होती ‘निवोलुमॅब अजिबात नाही’शी, पूर्ण डोसाशी नव्हे. ज्यांना पूर्ण डोस परवडत नाही त्यांच्यासाठी हा दिलासा आहे. पूर्ण डोसावर असताना परतलेल्या मेलानोमाबद्दल ती चाचणी काहीच सांगत नाही.

मुंबईतल्या टी-सेल उपचाराबद्दलही अशीच गल्लत. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून आलेल्या, २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार१९ या टी-सेल उपचाराचं लक्ष्य आहे सीडी१९ हे बी-पेशींवरचं (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींवरचं) प्रथिन, म्हणजे तो बी-पेशींच्या रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे. मेलानोमाच्या पेशींवर ते लक्ष्यच नसतं. मेलानोमात चालणारा पेशी-उपचार वेगळा: रुग्णाचीच गाठ काढून तिच्यात शिरलेल्या टी-पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या, मग जोरदार केमो देऊन जागा करायची, त्या पेशी परत सोडायच्या आणि वर इंटरल्यूकिन-२ (टी-पेशींना बळ देणारं औषध) चे डोस. अमेरिकेत लिफिल्यूसेल या नावाने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. १५३ रुग्णांत ३१ टक्क्यांना प्रतिसाद होता. नेदरलँड्स आणि डेन्मार्कमधल्या चाचणीत तो इपिलिमुमॅबपेक्षा सरस ठरला, ४९ विरुद्ध २१ टक्के. मात्र हृदय आणि फुफ्फुसं धडधाकट हवीत, पेशी वाढेपर्यंत आजाराने काही आठवडे थांबायला हवं, आणि २०२४ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा अमेरिकेतली छापील किंमत ५ लाख १५ हजार डॉलर होती. अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकाने विमा असताना हा पर्याय लवकर विचारावा, सगळं करून थकल्यावर नव्हे.

राहिलं प्रोबायोटिक. औषध लागू पडलेल्या रुग्णांची विष्ठा, लागू न पडलेल्यांच्या आतड्यात सोडण्याचे प्रयोग २०२१ मध्ये पिट्सबर्ग आणि इस्रायलमधून प्रसिद्ध झाले. पहिल्यात १५ पैकी ६ जणांना फायदा दिसला, दुसऱ्यात १० पैकी ३ जणांना. दोन्हींत पीडी-१ रोखणारं औषध सोबत चालूच होतं. फॉरवर्डने यातून दुकानातल्या कॅप्सूलवर उडी मारलीय. त्याच वर्षी मेलानोमाच्याच रुग्णांवर आलेल्या एका अभ्यासात आहारात तंतू जास्त असणाऱ्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. बाजारातल्या प्रोबायोटिकने मात्र काही साधलं नाही, उंदरांत तर इम्युनोथेरपीचा परिणाम उणावला. तेव्हा पुढचा उपचार ठरायच्या आधी घरात अशी कॅप्सूल, काढा किंवा पावडर चालू असेल तर डॉक्टरांना नावानिशी सांगा, डबाच सोबत न्या.