कुत्रं आणाले वर्ध्याले गेलता!

आमच्या गावात कुत्र्यांची टंचाई कधीच नव्हती. मारुतीच्या पारावर चार, एसटीच्या शेडखाली तीन, आणि आटाचक्कीसमोरची टोळी तर रोज नव्यानं भरती करते. यातलं कोणतंही कुत्रं भाकरीच्या एका कुटक्यावर जन्मभर माझं झालं असतं. तरी मी आर्वी तालुक्यातून उठून वर्ध्याला गेलो, दोन पानी फॉर्म भरला आणि ढेपीची पोती आणणाऱ्या 'छोटा हत्ती' टेम्पोत बसवून साडेतीन पायांचं एक कुत्रं घरी आणलं.

पारावरच्या म्हाताऱ्यांनी आधी पोती मोजली, मग कुत्रं.

"ढेपीवर फुकट भेटलं काय बे?"

खरं सांगितलं, तसा पार हसून हसून खाली आला. "बह्याड झाला काय? कुत्रं आणाले वर्ध्याले गेलता!"

याचं मूळ आमची पोरगी. ती वर्ध्याला शिकते. ट्रकनं मागचा पाय चिरडलेल्या एका कुत्र्याला तिच्या ओळखीच्या पोरांनी रस्त्यावरून उचललं, उपचार केले. पाय वाचला, पण आखूड झाला. तिनं फोटो पाठवला, खाली लिहिलं, "बाबा, याले कोणीच नेत नाही." मी शेतकरी आहे, कोणीच नेत नाही हे वाक्य मला कापसाच्या दिवसांत पाठ झालेलं असतं. मी हो म्हणालो.

फॉर्मात विचारलं होतं, 'घरात इतर पाळीव प्राणी आहेत का? असल्यास तपशील द्या.' पुढं जागा दीड ओळ. मी लिहिलं : गवळाऊ गाय 1, कालवड 1, बेरारी शेळ्या 3 (एक गाभण), बोका 1, कोंबड्या रात्री मोजून कळवतो. फॉर्म घेणाऱ्या मुलीनं ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "सर, हे सगळे फ्रेंडली आहेत ना?" मला आमची गाय आठवली. आईशिवाय घरातल्या प्रत्येकानं तिची लाथ खाल्ली आहे, जावयानं तर दिवाळसणाला. मी म्हणालो, "ओळख झाल्यावर."

सोबत एक कार्ड मिळालं. रेबीजची लस, जंताचं औषध, नसबंदीची तारीख, सगळं टापटीप. माझ्या स्वतःच्या तब्येतीचा एवढा कागद या घरात नाही. नाव होतं ब्रूनो. आईनं ते एकदा म्हणून पाहिलं आणि त्याचा 'बिरनू' केला. कुत्र्यालाही तेच बरं वाटलं असावं, शेपूट पहिल्यांदा तेव्हा हलली.

मग सूचना. पहिले 3 दिवस बुजेल, 3 आठवड्यांत घर कळेल, 3 महिन्यांत घर आपलं वाटेल. कांदा, लसूण, तिखट, द्राक्षं, चॉकलेट देऊ नका. आमच्या घरात कांदा-लसणाशिवाय फक्त चहा होतो, आणि चहाही देऊ नका म्हणे. शेवटी आई ज्वारीची बिनमिठाची भाकर आणि उकडलेलं अंडं कुस्करून देऊ लागली. "माह्या बीपीले कोणी एवढं अळणी करून देल्लं नाही," माझे बाबा म्हणाले.

खरी कसोटी पुढंच होती. नव्या प्राण्याला सुरुवातीला वेगळी, शांत, थंड खोली द्या. आमच्याकडं दार लागणारी खोली एकच, आणि कूलरही त्याच खोलीत. महिना मे, पारा 45च्या वर. कुत्रं कूलरपुढं, आणि आम्ही पाचजण पडवीत ओले पंचे डोक्यावर घेऊन. बोक्याचा राग तर न्याय्यच होता. चैतापासून कूलरसमोरची फरशी त्याच्या नावावर होती. तो खिडकीत बसून दिवसभर आत पाहायचा, तलाठ्यानं फेरफार चुकवल्यासारखा.

दोघांची गाठ घालण्याआधी वासाची ओळख करून द्यावी, असं पोरगी फोनवर म्हणाली. टॉवेल बोक्याच्या अंगावर फिरवायचा, मग कुत्र्याजवळ ठेवायचा, मग उलट. टॉवेलची एक फेरी झाली. दुसरीसाठी मी तो दोरीवर टाकला आणि हात धुवायला गेलो, तेवढ्यात गाभण शेळीनं अर्धा खाल्ला. दोघांचाही वास आता तिच्या पोटात होता. बायकोचा आक्षेप वेगळाच होता. टॉवेल तिच्या माहेरचा होता.

चौथ्या दिवशी बिरनूला अंगणात सोडलं. मला भीती गाईची आणि बोक्याची. गाईनं मान वळवून हुंगलं आणि कुटार खाऊ लागली. बोका कोठीवर चढला. संकट आलं रांजणामागून : पिल्लं काढलेली तांबडी कोंबडी. मान जमिनीसरशी ताणलेली, पंख दोन्हीकडं टोपल्यासारखे फुगवलेले, चोच उघडी, आणि घशातून उकळत्या पाण्यासारखा आवाज. बिरनू जागच्या जागी थबकला. आखूड पाय हवेत. तिनं एक उडी घेतली आणि नाकाच्या ओल्या शेंड्यावर नेमकी टोच मारली. तो साडेतीन पायांवर उलटा पळाला, घडवंचीला धडकला, तिथंच मुतला आणि माझ्याकडं पाहू लागला. फॉर्म भरताना ही बाई कुठं होती, असं ते पाहणं होतं.

मग तो पुन्हा कूलरच्या खोलीत गेला. या वेळी बोकाही मागोमाग शिरला आणि आपल्या फरशीवर आडवा झाला. गुरगुर, फिस्कार, दोन फटके, आणि फरशीची सरळ निम्मी वाटणी. भावाभावांत आमच्या गावात शेताच्या एवढ्याशा धुऱ्यासाठी कोर्टात तारखा चालतात.

25 मेला नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले कडक नऊ दिवस, लागला, आणि त्याच दुपारी वर्ध्याहून फॉर्म घेणाऱ्या मुलीचा व्हिडिओ कॉल आला. घरात कुत्रं कसं आहे ते त्यांना बघायचं असतं. मी फोन फिरवला. कूलरपुढं बिरनू, त्याला पाठ लावून बोका, दारात गाभण शेळी, खाटेवर आई, खाली बाबा.

"वा! सगळे किती आरामात आहेत! पण सर, कॅमेरा का हलतोय?"

मी दुसऱ्या हातानं कूलरमध्ये पाणी ओतत होतो. सातवी बादली होती.