घोडं कोण लादायचं? : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

‘वाड्यावरची लेक’ एवढीच सही करून तुम्ही मागच्या लेखाखाली जे लिहिलंत, ते मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा राग आला. त्या रागात एक उत्तर लिहिलंही आणि पुसून टाकलं. हे आठ दिवसांनंतरचं आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गेल्या तीन वर्षांत आमच्या फलटणकडच्या वस्तीवरची सहा म्हातारी माणसं गेली. सगळी जन्मभर मेंढरामागं हिंडलेली. आमचा वाडा म्हणजे दगडी घर नव्हे, मेंढरं, माणसं आणि घोड्यावर लादलेलं बिऱ्हाड असा हिंडता तळ. एकेक जण गेला तसा मी एकेक लेख लिहिला. शेवटचा माझ्या चुलतआज्ज्यावर, म्हणजे आबांवर होता. त्याखाली ताईंनी लिहिलं: ‘तुमचे सगळे म्हातारे देवमाणसं. सगळ्यांची पहाट सुंदर. घोडं कोण लादत होतं, ते एकाही लेखात नाही. माझ्या आईनं चाळीस वर्षं घोडं लादलं, आज तिला खाली बसता येत नाही. तुम्ही शिकलात, पुण्याला गेलात, आता आठवणी विकताय.’ आणि जाता जाता: ‘लोकरीला सोन्याचा भाव होता, हे कुणी सांगितलं तुम्हाला?’

सोपं आधी घेतो. लोकरीचं तुमचं बरोबर, माझं चुकलं. ते वाक्य आबांचं होतं आणि त्यांच्या तरुणपणाबद्दल होतं. मी ते सगळ्या काळाला लावून टाकलं. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी आणि काळी. तिचा स्वेटर होत नाही, होतं ते घोंगडं. आम्ही लोकर सणगराकडं द्यायचो. तो खड्ड्यातल्या मागावर विणायचा, ताण्याला चिंचोक्याची खळ द्यायचा, आणि मजुरी घेऊन घोंगडं परत करायचा. नव्या घोंगड्याला त्या खळीचा वास महिनाभर यायचा. पुढं बाजारात गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली, पावसाला प्लॅस्टिकचा कागद आला आणि घोंगडं मागणारा शेतकरीच उरला नाही. मला कळायला लागलं तेव्हा कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नव्हती. तरी कातरावं लागायचंच, नाहीतर उन्हाळ्यात जनावर हैराण होतं, अंगात गोचीड माजते. कातरलेली लोकर बांधावर टाकून वाडा पुढं निघालेला मी स्वतः पाहिलाय. हे पाहिलेलं असून मी सोन्याचा भाव लिहिला. म्हाताऱ्यांचं ऐकताना आपले डोळे मिटतात, ते असं.

आता घोडं.

तुमचा प्रश्न वाचल्यावर मी माझे सहाही लेख काढून बसलो. पहिल्या लेखात वाक्य आहे: ‘पहाटे बिऱ्हाड घोड्यावर चढायचं आणि वाडा हलायचा.’ बिऱ्हाड आपोआप चढायचं, जसं काही त्याला पाय होते. दुसऱ्या लेखातही तसंच. सहा जणांत दोन म्हाताऱ्या होत्या. त्यांच्यावरच्या लेखांतही भाकरी आहे, जात्यावरच्या ओव्या आहेत, माया आहे, घोडं नाही.

ज्यांनी वाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळी झाली की आमच्याकडची खांडं, म्हणजे मेंढरांचे कळप, पश्चिमेला निघतात. माण-फलटणचा मुलूख पर्जन्यछायेतला, साल बरं असलं तरी जेमतेम ५०० मिलिमीटर पाऊस. तिथलं गवत दिवाळीपर्यंत संपतं. मग भोरवरून वरंध घाटानं खाली महाडच्या बाजूला उतरायचं. तिकडं भात कापून झालेलं असतं. मोकळ्या खाचरांत रात्री मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात शेतकरी भात द्यायचा, पुढं पैसे द्यायला लागला. मृगाच्या आधी परत घाट चढायचा, कारण कोकणातल्या पावसात या मेंढीचे खूर सडतात.

लेखात एवढंच येतं. पण वाडा एका जागी दोन-चार रातींच्या वर राहत नाही. म्हणजे सहा-सात महिन्यांत साठ-सत्तर वेळा सगळं घर मोडायचं आणि पुन्हा मांडायचं. पुरुष उजाडताना खांड घेऊन चरायच्या वाटेनं जातात. वाड्याचा कारभारी पुढच्या गावात शेत ठरवायला गेलेला असतो. मागं राहतात बाया, पोरं, कोकरं, कोंबड्या, कुत्री आणि घोडी. वाघरीची जाळी गुंडाळायची, मेखा उपटायच्या, चुलीची राख सारायची, सगळं लादायचं आणि मेंढरं पोचायच्या आत नव्या जागेवर चूल पेटलेली हवी. पाणी कुठं आहे हे ठाऊक नसलेल्या गावात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी त्याच घोड्यावर बसून गेलोय. घोड्यावर बसलेल्या पोराला घोडं कुणी लादलं हे दिसत नाही, हे खरं. पण मी आता पोर नाही.

तेव्हा या मुद्द्यावर बचाव नाही.

देवमाणसांबद्दल थोडा बचाव आहे. आपल्याकडं माणूस गेला की तेराव्यापर्यंत त्याचं वाईट बोलत नाहीत, आणि मी सगळे लेख तेराव्याच्या आतच लिहिले. मन ओलं असताना लिहिलेलं तसंच होतं. आता आबांना जाऊन तीन महिने झाले, तर लिहून टाकतो: आबा रात्री मेंढरं दुसऱ्याच्या हरभऱ्यात घालायचे. चुकून नव्हे. चंद्र बुडायची वाट बघून. एकदा सापडले, शेतकऱ्यांनी मेंढरं कोंडवाड्यात घातली आणि आबांना झाडाला बांधलं. आज्जीनं कानातलं सोनं गहाण टाकून सोडवलं. ते सोनं परत आलं नाही. आबा हा किस्सा सांगायचे तेव्हा त्यात शेतकरी दुष्ट असायचे आणि सोन्याचा उल्लेख नसायचा. मला सोन्याचं कळलं ते आज्जीच्या मोकळ्या कानांवरून विचारलं तेव्हा.

पण म्हणून आबांवरचा बाकीचा लेख खोटा ठरत नाही. पहिल्या पावसानंतर रान हिरवं झालं की नवखा मेंढका हरखून खांड मोकळं सोडतो. आबा सोडायचे नाहीत. आधी वाळकं काहीतरी पोटात घालायचे, ऊन वर येऊ द्यायचे, मग थोडं थोडं चारायचे. कोवळ्या गवतावर उपाशी मेंढरू तुटून पडलं की आंत्रविषार होतो आणि संध्याकाळपर्यंत धडधाकट जनावर मान टाकतं. आता त्याची लस पावसाळ्याआधी टोचतात. आबांना लस ठाऊक नव्हती, रोगाचं नाव ठाऊक नव्हतं, पण पाच इसांच्या खांडात (आबांना शंभर म्हणता यायचं नाही, पाच इसा यायचं) कुठल्या मेंढीनं आज रवंथ केलं नाही ते अंधारात सांगायचे. हरभरा चोरणारा आणि हे जाणणारा माणूस एकच होता. मी अर्धाच लिहिला, एवढा दोष माझा.

आता जिथं मला तुमचं पटत नाही तिथं येतो. ‘आठवणी विकताय.’

पैशाचं म्हणाल तर इथं एक रुपया मिळत नाही, पण तुमचा रोख पैशावर नाही हे मला कळतं. तुम्ही म्हणताय, शिकून बाहेर पडलेल्यानं मागं राहिलेल्यांच्या कष्टावर सुंदर लिहू नये. यातला पहिला भाग मी तुमच्यापेक्षा जास्त जाणतो. मला शाळेत घातलं ते गावात आज्जीपाशी ठेवून. एका घरातलं एक पोर शाळेत म्हणजे दुसरं एक मेंढरामागं. माझ्या वाटणीचं मेंढरामागं गेला तो माझा धाकटा चुलता, माझ्याहून फक्त सहा वर्षांनी मोठा. त्याला तिसरीतून काढलं. तो अजून सही करताना जीभ दाताखाली धरतो. माझ्या पहिल्या पगारातून त्याला मोबाईल घेऊन दिला, तर म्हणाला, ‘यात नावं असत्यात व्हय? मला वाचून कोण दावणार?’ मग आम्ही प्रत्येक नावापुढं चित्र टाकलं. माझ्या नावापुढं पुस्तक आहे. ते चित्र त्यानंच निवडलं.

मग मी का लिहितो? आज्जीची पेन्शन करायला गेलो होतो, तेव्हापासून लिहितो. श्रावणबाळ योजनेला पासष्ट वर्षं पूर्ण असल्याचा पुरावा लागतो. आज्जी कुठल्या शाळेत गेलेली नाही, जन्म माळावर झालेला, नोंद कुठंच नाही. मतदार ओळखपत्रावर कुणीतरी अंदाजानं वय घातलेलं, ते तिच्या थोरल्या लेकापेक्षा नऊ वर्षांनी जास्त. खिडकीतल्या माणसानं विचारलं, ‘जन्मसाल?’ आज्जी म्हणाली, ‘भूकंपाच्या वर्साला माजं लगीन झालं, अन् दुष्काळात दोन पोरं व्हती, धाकटं अंगावर पीत व्हतं.’ भूकंप म्हणजे कोयनेचा, डिसेंबर १९६७. दुष्काळ १९७२चा, ज्या साली ती मेंढरं विकून खडी फोडायला गेली आणि पोरांना सुकडी आणि मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीच्या, लाल भाकरीवर जगवलं. तिनं दोन तारखा दिल्या होत्या, त्यावरून कुणालाही हिशेब करता आला असता. खिडकीतला माणूस म्हणाला, ‘कागद आणा.’

घरी येऊन आम्ही पत्र्याची पेटी उपसली. आमच्या घराण्याच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या हिंडण्याचे कागद किती निघाले सांगू? चार. तीन जंगलात जनावरं शिरल्याच्या दंडाच्या पावत्या आणि एक कोंडवाड्याची. ही माणसं जगली याचा लेखी पुरावा म्हणजे त्यांनी कुठं कुठं जायला नको होतं त्याची यादी.

हाइडलबर्ग विद्यापीठातले गुंथर सोन्थायमर जर्मनीहून येऊन आपल्या म्हाताऱ्यांपाशी बसले, बिरोबा-म्हस्कोबाच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, त्यावर आयुष्य घालवलं आणि १९९२मध्ये वारले. त्यांचे उपकार आहेत. देव लिहिले गेले, त्यांच्या ओव्या लिहिल्या गेल्या. पण ओवी म्हणणाऱ्याच्या बायकोनं त्या दिवशी पाणी किती लांबून आणलं, हे आपण नाही लिहिणार तर कोण? (तुम्ही म्हणाल, मग लिहिलं का नाहीस. बरोबर आहे. तिथंच तर अडकलोय.)

एक मात्र स्पष्ट करतो, कारण तुमच्या प्रतिक्रियेखाली आणखी दोघांनी तेच विचारलंय. मेंढरामागं परत जा, असं मी कुणाला सांगत नाही. माझ्या मुलीला मी पाठवणार नाही, मग दुसऱ्याच्या लेकीला कुठल्या तोंडानं सांगू? संयुक्त राष्ट्रसंघानं २०२६ हे वर्ष माळरानांचं आणि पशुपालकांचं म्हणून जाहीर केलंय. चांगलं आहे, भाषणं होतील. पण तिकडं कोकणात खाचरांच्या जागी तारेची कुंपणं आणि फार्महाऊसचे प्लॉट झालेत, आणि आमचा चुलता दरवर्षी नवी वाट शोधतोय. जो जातोय त्याला जायला वाट असावी, जो सोडतोय त्याला सोडता यावं, एवढंच माझं म्हणणं.

तुमची प्रतिक्रिया वाचल्यावर मी आत्याला फोन लावला. वय झालंय, आता हिंडणं बंद, गुडघ्यांचं तुमच्या आईंसारखंच. म्हटलं, आत्या, घोडं कसं लादायचीस ते सांग. आधी हसली. ‘तुला कशाला रं? घोडं घेतोयस का पुण्यात?’ मग सांगत गेली आणि मी लिहीत गेलो.

आधी घोड्याच्या पाठीवर जुनी वाकळ, तिला सुरकुती राहता कामा नये, नाहीतर दुपारपर्यंत पाठ सोलते. त्यावर खोगीर. मग दोन बाजूंना दोन पोती, पीठ-धान्याची, आणि ती दोघींनी एकाच वेळी उचलायची. एकटीनं आधी एक बाजू लादली तर घोडं कलतं आणि बिथरतं. जोडीला दुसरी बाई नसेल तर? ‘मग एक पोतं डोक्यानं रेटून धरायचं अन् फिरून दुसरं चढवायचं. बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी लादलंय म्या तसं.’ हे तिनं हवापाण्याचं बोलावं तशा आवाजात सांगितलं. पोत्यांवर वाघर, भांडी, तवा वरच्या अंगाला कारण तो आधी लागतो. चालू न शकणारी कोकरं पोत्यांच्या तोंडाशी, नुसती डोकी बाहेर. मग म्हणाली, एकदा लादताना एक मेंढी मेली, कोकरू मागं राहिलं. दुसरीचं कोकरू रात्रीच गेलेलं. आत्यानं त्या दुसरीचं दूध पिळून पोरक्याच्या डोक्याला, पाठीला, शेपटीपर्यंत चोळलं आणि तिच्यापुढं धरलं. तिनं हुंगलं, ढुशी दिली, परत हुंगलं. या सगळ्यात घोडं तसंच अर्धवट लादलेलं उभं. ‘उशीर झाला म्हणून शिव्या खाल्ल्या त्या दिशी. पण घेतलं तिनं कोकरू.’

आबांच्या लेखात ही मेंढी आहे. मी लिहिलं होतं की आबांनी ते कोकरू जगवलं. आबांनी मला तसंच सांगितलं होतं. लेखात आज दुरुस्ती केली आहे, आणि पहिल्या लेखातलं ते ‘बिऱ्हाड चढायचं’ हेही बदललंय.

सगळ्यात शेवटी, आत्या म्हणाली, पोराला बसवायचं आणि कोंबड्या त्याच्या मागं पाय बांधून. माझी आई सांगायची की कोंबड्या पुढं, म्हणजे पोराला खेळायला होतं. तुमच्या वाड्यावर कसं होतं, ते आईंना विचारून कळवा. आणि त्यांचं लग्न कुठल्या साली झालं तेही विचारा, भूकंपाच्या आधी की नंतर.