लॉन चेनी: रंगभूषेच्या पेटीबाहेरचा नट

मूकपटांच्या काळातील अमेरिकन चरित्र अभिनेता लॉन चेनी (१८८३–१९३०) याच्याविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. त्यातील दावे असे: चेनी हा निव्वळ भयपटांचा नट होता, त्याची सारी कला रंगभूषेच्या पेटीत होती, आवाजाची भीती वाटत असल्याने बोलपट त्याला पेलले नसते, आणि चित्रीकरणातील नकली बर्फाचा कण घशात अडकून तो मेला.

मृत्यूची गोष्ट आधी निकालात काढू. 'थंडर' या चित्रपटाच्या चित्रीकरणावेळी अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या कडाक्याच्या थंडीत त्याला न्यूमोनिया झाला होता, हे खरे. परंतु २६ ऑगस्ट १९३० रोजी घशातील रक्तस्रावाने त्याचे निधन झाले, तेव्हा त्याला फुप्फुसाच्या श्वासनलिकेचा कर्करोग झालेला होता, आणि कर्करोग बर्फाच्या कणाने होत नाही.

बोलपटात तो उशिरा आला, हेही मान्य. मात्र १९३० साली 'द अनहोली थ्री' या आपल्याच मूकपटाच्या बोलत्या आवृत्तीत त्याने शब्दभ्रमकार, त्याचा बाहुला, म्हातारी, पोपट आणि एक मुलगी असे पाच आवाज काढले, आणि ते सर्व आपलेच असल्याचे प्रतिज्ञापत्रही त्याने सही करून दिले. आवाजाला घाबरणाऱ्या नटाने पहिल्याच बोलपटासाठी असली भूमिका पत्करली, हे पटणे अवघड आहे. पुढे तो बोलला नाही, याचे कारण एवढेच की चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही आठवड्यांतच तो गेला.

रंगभूषेचा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात अर्धे सत्य आहे. 'द हंचबॅक ऑफ नोत्र दाम' (१९२३) आणि 'द फँटम ऑफ दि ऑपेरा' (१९२५) यांतील चेहरे त्याने स्वतः घडवले. एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या १९२९ च्या आवृत्तीत चित्रपटांच्या रंगभूषेवरील लेखही त्याचाच आहे. पण त्याचे आईवडील दोघेही मूकबधिर होते, आणि हातवारे व चेहरा हीच त्या घरातली बोली होती, ही गोष्ट तो मजकूर गाळतो. ज्या 'द मिरॅकल मॅन'ने (१९१९) त्याचे नाव झाले, त्यात तो लुळ्यापांगळ्याचे सोंग घेणारा भामटा आहे. वेडेवाकडे झालेले ते शरीर सर्वांदेखत हळूहळू सरळ होते, आणि हे काम कोणत्याही रंगाचे नाही. 'द पेनल्टी'मध्ये (१९२०) तर पाय मागे दुमडून, पट्ट्यांनी करकचून बांधून तो गुडघ्यांवर चालला. (या वेदनांचे कौतुक मात्र बेताने करावे, 'हंचबॅक'मधील कुबड्या नायक क्वासिमोदो याच्या कुबडाचे वजनही सांगोवांगी वाढत ७० पौंडांवर गेले आहे.)

राहिला 'निव्वळ भयपटांचा नट' हा शिक्का. १९२६ च्या 'टेल इट टू द मरीन्स'मध्ये तो रंगभूषेविना, उघड्या चेहऱ्याने कडक सार्जंट म्हणून उभा आहे. तो चित्रपट उत्तम चालला, आणि अमेरिकन मरीन दलाने या नटाला आपले मानद सदस्यत्व दिले.