त्याने चित्रपट नीट पाहिला होता

2016 च्या मे महिन्यात धुळ्यात आम्ही घरचे सगळे ‘सैराट’ पाहून बाहेर पडलो, तेव्हा चित्रपटगृहाच्या पायऱ्यांवर कोणीच बोलत नव्हते. शेवटी उंबऱ्याबाहेर पडणारे ते लहान मूल, फरशीवर उमटणारी त्याची रक्ताची पावले आणि त्या वेळी पडद्यावर पसरलेली शांतता यांतून बाहेर यायला प्रत्येकाला वेळ लागत होता. रिक्षात बसल्यावर मामांनी माझ्या मामेबहिणीच्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाले, “देख बेटा, घर सोडीसन पयनं का आसंच व्हस” (घर सोडून पळालं की असंच होतं). तिने मान खाली घातली. मामांचे डोळे खरोखरच पाणावलेले होते. जातीच्या प्रतिष्ठेपायी आपल्याच मुलीचा आणि जावयाचा जीव घेणाऱ्या घराकडे बोट दाखवणारा तो चित्रपट त्यांनी रिक्षा सुरू होण्याआधीच मुलींना द्यायची ताकीद करून टाकला होता.

मामा अतिरेकी नव्हेत. आयुष्यात त्यांनी कोणावर हात उगारलेला मला माहीत नाही. तरीही पुढे मला जे काही पाहायला मिळाले, त्याची सुरुवात माझ्यापुरती त्या रिक्षात झाली, म्हणून ही आठवण आधी सांगितली.

गेली काही वर्षे आम्ही पाच-सहा मित्र महिन्यातून एकदा एका वाचनालयाच्या सभागृहात चित्रपट दाखवतो. एक जुना प्रोजेक्टर आणि भिंतीवर ताणून बांधलेली पांढरी चादर एवढेच आमचे साहित्य आहे. शिरपूर, साक्री, दोंडाईचा या भागांतून शिकायला आलेली मुले येतात, काही निवृत्त मंडळी येतात. मागच्या वर्षी मी आग्रहाने ‘अमेरिकन हिस्टरी एक्स’ लावला. 1998 चा हा चित्रपट द्वेषाच्या राजकारणात पूर्ण बुडालेल्या आणि तुरुंगात गेल्यावर त्यातून बाहेर पडणाऱ्या डेरेक नावाच्या गोऱ्या अमेरिकी तरुणाचा आहे, आणि आपल्या मुलांनी तो पाहिलाच पाहिजे असे मला मनापासून वाटत होते. दोन दिवसांनी, दर महिन्याला न चुकता येणाऱ्या एका मुलाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर मला डेरेकच दिसला. उघड्या छातीवर नाझी स्वस्तिक गोंदवलेला, दोन्ही हात वर नेलेला, ओठांवर हसू असलेला डेरेक. खाली त्या मुलाने आपल्या संघटनेची घोषणा लिहिली होती आणि मागे तिचेच गाणे वाजत होते.

हे दृश्य नेमके कोणते, ते सांगायला हवे. डेरेकने नुकताच एका कृष्णवर्णीय तरुणाचा जबडा रस्त्याच्या कडेवर ठेवायला लावून त्याचे डोके लाथेने फोडलेले आहे. पोलीस येतात. तो पिस्तूल टाकतो, हात डोक्यामागे नेतो आणि सावकाश वळतो. चित्रपटातला सगळा भूतकाळ कृष्णधवल आहे, त्यामुळे त्याच्या अंगावरचा प्रत्येक स्नायू उजळून दिसतो. गती संथ होते, मागे वृंदगायनासारखे गंभीर सूर येतात, आणि कॅमेरा त्याच्याकडे एखाद्या पुतळ्याकडे पाहावे तसा पाहतो. ज्याचे डोके फुटले त्याच्याविषयी चित्रपट आपल्याला जवळजवळ काहीच सांगत नाही.

मी त्या मुलाला भेटायला बोलावले. त्याला चित्रपट कळला नसावा, या समजुतीने मी समजावून सांगायच्या तयारीत बसलो होतो. पण त्याने चित्रपट माझ्याइतकाच, कदाचित माझ्यापेक्षाही अधिक बारकाईने पाहिला होता. जेवणाच्या टेबलावरचा वाद, किराणा दुकानावरील हल्ल्याआधीचे डेरेकचे भाषण, बास्केटबॉलचा सामना हे सगळे त्याला क्रमाने आठवत होते. “पण सर,” तो म्हणाला, “शेवटी त्याच्या लहान भावाला कोणी मारलं? त्यांच्यातल्याच एका पोरानं ना? मग तो बदलला ते चुकलंच की.” शेवटी डॅनीला शाळेच्या स्वच्छतागृहात एक कृष्णवर्णीय विद्यार्थी गोळ्या घालतो, हे खरेच आहे. दिग्दर्शकाला त्यातून द्वेषाचे चक्र दाखवायचे होते. या मुलाला त्यात पुरावा सापडला. मग मी त्याला विचारले की तुरुंगाच्या धुलाईखान्यात डेरेकच्या सोबत चादरींच्या घड्या घालणारा, त्याला हसवणारा आणि आतमध्ये त्याचा जीव वाचवणारा तो माणूस कोण होता. त्याला त्याचे नाव आठवले नाही. तो लॅमॉन्ट, एक कृष्णवर्णीय कैदी.

हे संभाषण गेले वर्षभर माझ्या डोक्यात घोळते आहे, आणि ‘अशा लोकांना चित्रपट कळत नाहीत’ हे आपल्यासारख्यांचे नेहमीचे वाक्य मला तेव्हापासून उच्चारवत नाही. ज्याचे मत आधीच पक्के झालेले असते, तो फार सावध प्रेक्षक असतो. आपल्या कामाचे काय आहे हे त्याला लगेच दिसते, तेवढे तो उचलतो आणि उरलेल्या भागासमोर शांतपणे बसून राहतो.

हे पूर्वी मोजूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेत 1971 पासून ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका लागत असे. आर्ची बंकर या तोंडाळ, पूर्वग्रहदूषित गृहस्थाला हास्यास्पद ठरवणे हा निर्माते नॉर्मन लीअर यांचा हेतू होता. 1974 मध्ये नील विडमार आणि मिल्टन रोकीच या मानसशास्त्रज्ञांनी या मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या मनात पूर्वग्रह अधिक होते, ते लोक ही मालिका अधिक वेळा पाहत, आर्चीशी अधिक जवळीक मानत आणि वादात शेवटी आर्चीच जिंकतो असे त्यांना दिसे. पूर्वग्रह असलेल्यांना आणि नसलेल्यांना पडद्यावर तीच वाक्ये ऐकू येत होती. जॉन कारपेंटर यांच्या ‘दे लिव्ह’चे (1988) तर आणखी विपरीत झाले. बेलगाम भांडवलशाहीवर टीका करणारा तो चित्रपट नव-नाझींनी ज्यूंविरुद्धच्या कटकथेला जोडून टाकला, आणि जवळपास तीस वर्षांनी, 2017 मध्ये, हे धादांत खोटे आहे असे दिग्दर्शकाला स्वतः जाहीरपणे सांगावे लागले.

मग दोष कॅमेऱ्याचा म्हणायचा का? डेरेकच्या बाबतीत मी काही अंशी होय म्हणेन. द्वेषाची भाषणे चित्रपटात सविस्तर येतात, ती देणारा नट विलक्षण ताकदीचा आहे, आणि त्यांना उत्तर म्हणून त्याच्या जुन्या शिक्षकाने तुरुंगात येऊन विचारलेला एक साधा प्रश्न तेवढा ठेवला आहे: तू जे केलेस त्याने तुझे आयुष्य सुधारले का? तो प्रश्न मला हलवून गेला, पण त्याचे स्टेटस होत नाही.

मात्र ‘कॅबरे’ आठवला की मला हे उत्तर अपुरे वाटू लागते. बॉब फॉसी यांच्या 1972 च्या या चित्रपटात एका बागेतल्या बिअरगृहात सोनेरी केसांचा, निरागस चेहऱ्याचा मुलगा गोड आवाजात गाऊ लागतो. कॅमेरा आधी फक्त चेहरा दाखवतो, मग हळूहळू खाली उतरतो आणि दंडावरची नाझी पट्टी दिसते. एकेक माणूस उभा राहून गाण्यात सामील होतो. एक म्हातारा तेवढा बसून राहतो आणि त्याच्या चेहऱ्यावरची अस्वस्थता कॅमेरा आपल्याला नीट पाहू देतो. याहून जबाबदारीने रचलेले दृश्य मी पाहिलेले नाही. गाणे लिहिणारे फ्रेड एब आणि चाल देणारे जॉन कँडर हे दोघेही ज्यू. तरीही 1980 च्या दशकात ब्रिटनमधील स्क्रूड्रायव्हर या नव-नाझी बँडने ते गाणे उचलले आणि आपले म्हणून गायले. म्हातारा गाण्यात नव्हताच, तो चित्रात होता, त्यामुळे गाणे नेताना तो आपोआप मागे राहिला.

आज असा तुकडा काढायला बँड लागत नाही, एक अंगठा पुरतो. म्हणूनच मला माझी स्वतःची चूक मोठी वाटते. त्या रात्री वाचनालय नऊला बंद व्हायचे होते, चित्रपट संपताच आम्ही दिवे लावले, चादर सोडली आणि मुलांना घरी पाठवले. आपल्या खान्देशात भारुड असो की कीर्तन, आख्यान मध्येच थांबवून समोरच्या माणसाशी बोलण्याची रीत जुनी आहे. बुवा रावणाची ऐट रंगवतात, पण ती ऐट घेऊन श्रोत्याला घरी जाऊ देत नाहीत. मी मात्र डेरेकची ऐट तशीच मुलांच्या हाती दिली आणि कुलूप लावले.

गेल्या महिन्यात आम्ही वेळ सहाची केली आणि ‘द झोन ऑफ इंटरेस्ट’ लावला. आउशवित्झ छळछावणीच्या भिंतीला लागून राहणाऱ्या तिथल्या प्रमुखाच्या, रुडॉल्फ ह्योसच्या, घरात हा चित्रपट घडतो. कॅमेरे जागच्या जागी स्थिर आहेत. ते कोणाच्या चेहऱ्याजवळ जाऊन त्याला थोर करत नाहीत. बायको बागेतली फुले दाखवते, मुले पाण्यात खेळतात, आणि भिंतीपलीकडचे सतत फक्त ऐकू येते. तो मुलगा आला होता. अर्धा तास होईपर्यंत त्याने दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा तसाच खाली ठेवला. चित्रपट संपल्यावर आम्ही खुर्च्या गोलाकार लावल्या. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “सर, तो मागे सारखा आवाज कसला येत होता?” मी त्याला सांगितले, तेव्हा त्याने पुन्हा विचारले की घरातल्यांना तो ऐकू येत होता का.

त्या प्रश्नावर आम्ही नऊ वाजेपर्यंत बोललो. त्याचे मत बदलले असे मी म्हणणार नाही, त्याच्या फोनवर अजून तेच घोषवाक्य आहे. पुढच्या महिन्यात काय लावणार, हे मात्र त्याने निघताना विचारले.