दशकाला स्वतःची ओळख केव्हा मिळते?

नव्या दशकाची पहिली चार-पाच वर्षे मागच्या दशकासारखीच जातात, आणि लोकांच्या गाण्यात, लग्नकार्यात, रोजच्या बोलण्यात काही नवे रुजले की मगच त्याचा वेगळेपणा जाणवू लागतो. आपल्याकडे मात्र दशकांची वर्णने बहुधा मुंबई-पुण्यातून लिहिली जातात आणि तीच साऱ्या महाराष्ट्राची मानली जातात, हे मला पटत नाही.

सत्तरचे दशक म्हटले की शहरी वाचकाला आणीबाणी आठवते. आमच्या खानदेशात, शहादा परिसरातल्या माणसाला त्याआधी १९७२ चा दुष्काळ आणि त्याच काळात अंबरसिंग सुरतवंतींसारख्या कार्यकर्त्यांनी आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींसाठी उभारलेला लढा आठवतो. नव्वदच्या दशकात शहरांत खासगी वाहिन्यांची चर्चा होती. इकडे १९९० मध्ये जळगावला स्वतंत्र विद्यापीठ आले, केळीच्या बागांत ठिबक सिंचन पसरले आणि १९९८ मध्ये नंदुरबार जिल्हा झाला. पदवीसाठी पुणे विद्यापीठाकडे पाहण्याची सवय मोडणे ही माझ्या मते त्या दशकातली मोठी सांस्कृतिक घटना होती, जरी तिला कोणी तसे म्हटले नाही.

खानदेशातल्याच कवयित्री बहिणाबाई चौधरींचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. त्यांनी ओव्या रचल्या त्या शेतात राबताना, जात्यावर दळताना. स्वतः निरक्षर असल्यामुळे त्यांच्या ओव्या घरातल्या मुलांनी वहीत टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये त्या गेल्या, त्यानंतर त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये कविता छापून आल्या. रचना आधीच्या दशकांची, पण मराठी वाचकांसाठी ती पन्नाशीच्या दशकाची कविता ठरली. एखादी गोष्ट केव्हा निर्माण झाली यापेक्षा ती केव्हा ऐकली गेली, यावर दशकाची ओळख ठरते, असे मला यावरून वाटते.

आज ऐकली जाते आहे ती खानदेशची बोली, अहिराणी. २०१६ च्या सप्टेंबरनंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि धुळे, साक्री, शिरपूरकडच्या तरुणांची गाणी यूट्यूबवरून घराघरांत पोहोचली. ज्या बोलीत बोलताना आमच्या पिढीची मुले शहरात गेल्यावर संकोचत, तिच्यावर आता हळदीला आणि वरातीत सारे नाचतात. श्रावणातल्या कानबाई या देवीच्या उत्सवाला पुण्या-सुरतेहून आलेली मुलेही ती गाणी म्हणतात. हा बदल मला मनापासून मोलाचा वाटतो. २०२० मध्ये टाळेबंदीने सुरू झालेल्या या दशकाची खानदेशातली ओळख हीच असावी, असे माझे मत आहे.

मात्र ही ओळख अजून अर्धीच आहे. अहिराणी आपण नाचण्यासाठी आणि हसण्यासाठी स्वीकारली. दुःख, शेती, कर्ज, आजारपण यांविषयी गंभीरपणे बोलायचे झाले की लगेच प्रमाण मराठीकडे वळतो. घरातही आजी-आजोबांशी अहिराणी आणि मुलांशी मराठी किंवा इंग्रजी, अशी वाटणी झाली आहे. दशकाची उरलेली वर्षे यासाठीच वापरली पाहिजेत. अहिराणीत ललित लेख, मुलाखती, शेतीची माहिती लिहिली जावी. आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्यावर गायली जाणारी गौराईची गाणी, जी आज प्रामुख्याने म्हाताऱ्या बायकांनाच पूर्ण येतात, ती गाणारीच्या आणि गावाच्या नावासह येत्या आखाजीलाच ध्वनिमुद्रित करून ठेवावीत.